उठाव रस्त्यावर, परराष्ट्र धोरण राजवाड्यात

मोरोक्कोची राजधानी रबात येथे २२ डिसेंबर २०२० रोजी मोरोक्को, अमेरिका आणि इस्रायल यांच्या संयुक्त घोषणापत्रावर पंतप्रधान सादुद्दीन उस्मानी यांनी स्वाक्षरी केली. इस्रायलशी तुटलेले संबंध पुन्हा जोडण्याचा तो दस्तऐवज होता. उस्मानी ज्या न्याय व विकास पक्षाचे नेते होते, त्या इस्लामवादी पक्षाने पॅलेस्टाइनचा कैवार हा आपल्या राजकारणाचा एक आधारस्तंभ मानला होता. असे संबंध आपल्याला मान्य नाहीत, असे खुद्द उस्मानी यांनी अवघ्या चार महिन्यांपूर्वी जाहीर केले होते. निर्णय राजे मोहम्मद सहावे यांचा होता आणि त्या बदल्यात अमेरिकेने पश्चिम सहारावरील मोरोक्कोचे सार्वभौमत्व मान्य केले होते. सही मात्र पंतप्रधानांची घेण्यात आली. २०११ च्या जनउठावाच्या लाटेवर स्वार होऊन सत्तेत आलेला पक्ष नऊ वर्षांनी आपल्याच मतदारांना न रुचणाऱ्या कागदाचा साक्षीदार ठरला.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२१ मध्ये, सार्वत्रिक निवडणूक झाली. २०१६ मध्ये १२५ जागा जिंकणारा हा पक्ष १३ जागांवर घसरला. दहा वर्षांच्या सत्तेचा शीण आणि निवडणूक कायद्यातील बदल ही या पानिपताची इतर कारणे होतीच. परंतु जी सत्ता आपल्या हाती नाही तिची जबाबदारी मात्र आपल्या शिरावर, ही अवस्था कोणत्याही पक्षाला फार काळ झेपणारी नव्हती.

अरब जगतातील उठावांचे मूल्यमापन सहसा निवडणुकांवरून केले जाते. कोण निवडून आले, किती मतदान झाले, कोणता हुकूमशहा पळाला, याची मोजदाद होते. उत्तर आफ्रिकेतील गेल्या दीड दशकाचा अनुभव सांगतो, की याहून खात्रीची कसोटी दुसरी आहे. उठावानंतर परराष्ट्र धोरण कोणाच्या हाती राहिले, हे पाहिले की राज्यसंस्थेची खरी मालकी कोणाकडे आहे ते कळते. या कसोटीवर मगरिबातील चारही उठाव अपुरे ठरले. अपुरे राहण्याची तऱ्हा मात्र प्रत्येकाची निराळी आहे आणि दिल्लीतील धोरणकर्त्यांना ती समजून घेणे भाग आहे.

चार देश, चार वाटा

मगरिब म्हणजे मावळतीचा प्रदेश. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि लिबिया येथील समाज अरब म्हणून ओळखला जात असला, तरी त्याच्या मुळाशी अरबांच्या आगमनापूर्वीपासून तेथे राहणारा अमाझिघ समाज आहे. बाहेरच्यांनी त्यांना ‘बर्बर’ म्हटले. ते स्वतःला अमाझिघ म्हणवतात. मोरोक्कोतील रिफ, अॅटलास आणि सूस, अल्जीरियातील काबिलिया, लिबियातील नफुसा पर्वत हे त्यांचे मुख्य प्रदेश. पंतप्रधान उस्मानी हेही सूसमधील अमाझिघच.

ट्युनिशियात १७ डिसेंबर २०१० रोजी मोहम्मद बुअझिझी या फेरीवाल्याने स्वतःला पेटवून घेतले आणि १४ जानेवारी २०११ रोजी अध्यक्ष बेन अली यांनी सौदी अरेबियात पलायन केले. लिबियात गद्दाफींचा अंत ऑक्टोबर २०११ मध्ये झाला, परंतु त्यांच्यासोबत राज्यसंस्थाही कोसळली. अल्जीरियात १९९० च्या दशकातील यादवीच्या आठवणीने लोक तेव्हा शांत राहिले. तेथील ‘हिराक’ म्हणजेच चळवळ २२ फेब्रुवारी २०१९ रोजी पेटली आणि २ एप्रिलला अध्यक्ष बुतफ्लिका यांना पायउतार व्हावे लागले. मोरोक्कोत २० फेब्रुवारी २०११ पासून मोर्चे निघाले. राजाने ९ मार्चला दूरचित्रवाणीवरून घटनादुरुस्ती जाहीर केली आणि १ जुलैला सार्वमत घेऊन नवी राज्यघटना संमत करून घेतली. शेजारची सिंहासने डळमळत असताना आपले सिंहासन शाबूत ठेवण्याचे हे कसब वाखाणले गेले.

घटनेतील पाचर

मोरोक्कोची ही राज्यघटना बारकाईने वाचण्याजोगी आहे. सर्वाधिक जागा मिळविणाऱ्या पक्षातूनच पंतप्रधान नेमण्याचे बंधन तिने राजावर घातले. संसदेचे कायदेविषयक अधिकार वाढविले. अमाझिघ भाषेला अरबीच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा दिला. मात्र राज्याच्या धोरणाची सामरिक दिशा ज्या मंत्रिपरिषदेत ठरते, तिचे अध्यक्षस्थान राजाकडेच ठेवले. लष्कराचे सरसेनापतिपदही त्याच्याकडेच राहिले. करारांवर सही आणि त्यांचे अनुसमर्थन राजाच्याच नावे होते. शांतता, सीमा, व्यापार किंवा तिजोरीवर भार टाकणाऱ्या करारांना तेवढी संसदेची मोहोर लागते.

या तरतुदींचा अर्थ काय, हे राजवाड्याने मार्च २०२३ मध्ये स्वतःच सांगितले. परराष्ट्रमंत्री नासर बुरिता इस्रायलची बाजू सावरून धरतात, अशी टीका न्याय व विकास पक्षाने केली. तेव्हा राजवाड्याने निवेदन काढून त्या पक्षाला खडसावले आणि परराष्ट्र धोरण हा घटनेनुसार राजाचा अधिकार असून तो पक्षीय वादाचा विषय होऊ शकत नाही, असे बजावले. निवेदनाचा सूर कठोर होता, पण त्यात नवे काही नव्हते. २०११ मध्ये जी पाचर मारून ठेवली होती, ती बारा वर्षांनी सर्वांना दिसली एवढेच.

भारतीय वाचकाला यात प्रथमदर्शनी नवल वाटणार नाही. आपल्याकडेही आंतरराष्ट्रीय कराराला संसदेची पूर्वसंमती लागत नाही. तो सरकारचा अधिकार मानला जातो. फरक आहे तो सरकार कोणाला उत्तरदायी आहे यात. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डाव्या पक्षांनी पाठिंबा काढून घेतला, तेव्हा मनमोहन सिंग सरकारला २२ जुलै २००८ रोजी लोकसभेत विश्वासमताला सामोरे जावे लागले आणि २७५ विरुद्ध २५६ मतांनी ते तरले. करार सभागृहात मंजुरीसाठी आला नव्हता, पण करार करणाऱ्यांचे आसन सभागृहाने हलविले होते. रबातमध्ये ज्याचे आसन सभागृह हलवू शकते, तो पंतप्रधान धोरण ठरवत नाही. आणि जो ठरवतो, त्याच्यापर्यंत सभागृहाचा हात पोहोचत नाही.

सभागृह आणि सभापती

मोरोक्को ही राजेशाही आहे, म्हणून तेथे असे घडते, असे मानण्याचे कारण नाही. ट्युनिशियाने २०१४ मध्ये अरब जगतातील सर्वांत उदार समजली जाणारी राज्यघटना स्वीकारली. २०१५ मध्ये तेथील चार नागरी संघटनांच्या गटाला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण २०१९ मध्ये अध्यक्षपदी निवडून आलेले घटनातज्ज्ञ कैस सईद यांनी २५ जुलै २०२१ रोजी संसद गोठवली आणि वर्षभरात सर्वाधिकार अध्यक्षाकडे सोपविणारी नवी राज्यघटना आणली. त्यानंतरच्या संसदेच्या निवडणुकीत जेमतेम ११ टक्के मतदान झाले.

अशा दुबळ्या संसदेनेही नोव्हेंबर २०२३ मध्ये एक प्रयत्न करून पाहिला. गाझातील युद्धाच्या पार्श्वभूमीवर इस्रायलशी कोणतेही संबंध ठेवणे हा गुन्हा ठरविणारे विधेयक सभागृहात आले. त्यावर चर्चा सुरू असताना सभापतींनी सदस्यांना सांगितले, की हे विधेयक देशाच्या बाह्य सुरक्षेस बाधक आहे, असे अध्यक्षांचे मत आहे. चर्चा तेथेच खुंटली. इस्रायलशी संबंध ठेवणे हा देशद्रोह आहे, असे सईद स्वतः जाहीर सभांतून सांगत आले होते. म्हणजे मतभेद पॅलेस्टाइनबद्दल नव्हता. परराष्ट्र व्यवहाराला कायद्याचे कुंपण घालण्याचा अधिकार संसदेला आहे की नाही, याबद्दल होता.

त्याच वर्षीच्या १६ जुलैला युरोपीय संघाने ट्युनिशियाशी स्थलांतर रोखण्याबाबत सामंजस्य करार केला. भूमध्य समुद्र ओलांडून इटलीकडे जाणाऱ्या नौका अडविण्यासाठी १० कोटी ५० लाख युरोची तरतूद झाली. काही महिन्यांपूर्वी याच सईद यांनी सहाराच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय स्थलांतरितांविरुद्ध केलेल्या भाषणानंतर त्या लोकांवर हल्ले झाले होते. लोकशाहीचे गोडवे गाणाऱ्या युरोपला किनाऱ्याचा राखणदार हवा होता आणि तो मिळाला. एकाच माणसाशी बोलून काम भागत असेल, तर बाहेरच्या राष्ट्रांना संसदेची आठवण होत नाही.

अल्जीरियातील चित्र याहून वेगळे नाही. हिराकच्या ऐन भरात, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, विदेशी तेल कंपन्यांना सवलती देणारा हायड्रोकार्बन कायदा आणला गेला. संसदेबाहेर लोकांनी निदर्शने केली, आत विधेयक संमत झाले. डिसेंबरमध्ये अब्देलमजीद तेबून अध्यक्ष झाले. मतदान ४० टक्क्यांच्या आसपास होते आणि काबिलियात ते जवळजवळ शून्य होते. नोव्हेंबर २०२० च्या घटनादुरुस्तीच्या सार्वमताला तर चौथा हिस्साही मतदार फिरकले नाहीत. त्या दुरुस्तीने सैन्य देशाबाहेर पाठविण्याची मुभा मात्र अध्यक्षांना मिळाली. त्यासाठी संसदेच्या दोनतृतीयांश बहुमताची अट आहे, पण अशा संसदेत ती अट किती जाचक ठरेल हे सांगायला नको.

भाषेला मान, माणसाला तुरुंग

अमाझिघांच्या वाट्याला या सर्व घडामोडींतून जे आले, ते सर्वाधिक बोलके आहे. मार्च १९८० मध्ये तिझी उझू येथील लेखक मुलुद मामेरी यांच्या प्राचीन काबिली काव्यावरील व्याख्यानाला बंदी झाली आणि त्यातून ‘बर्बर वसंत’ म्हणून ओळखले जाणारे आंदोलन उभे राहिले. २००१ मध्ये काबिलियात पोलीस ठाण्यात झालेल्या एका तरुणाच्या मृत्यूनंतर उसळलेल्या दंगलींत शंभराहून अधिक लोक मारले गेले. पुढच्या वर्षी अल्जीरियाने अमाझिघला राष्ट्रीय भाषा आणि २०१६ मध्ये राजभाषा म्हणून मान्यता दिली. अमाझिघ नववर्षाची सुटी अल्जीरियात २०१८ पासून आणि मोरोक्कोत २०२४ पासून सुरू झाली. नाण्या-नोटांपासून रस्त्यांच्या पाट्यांपर्यंत तिफिनाघ लिपी झळकू लागली. हे यश लहान नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या शाळेत मायबोली बोलल्याबद्दल हिणवल्या गेलेल्या लोकांना त्याचे मोल ठाऊक आहे.

परंतु सांस्कृतिक मागणीने राजकीय रूप घेताच मर्यादा उघड होतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये रिफमधील अल होसेइमा येथे जप्त केलेली मासळी वाचविण्याच्या धडपडीत एक विक्रेता कचरागाडीच्या यंत्रात चिरडला गेला. त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनाच्या मागण्या साध्या होत्या : कर्करोगाचे रुग्णालय, विद्यापीठ, रोजगार. त्याचा नेता नासर झफझाफी याला जून २०१८ मध्ये राज्याच्या सुरक्षेविरुद्ध कट केल्याबद्दल २० वर्षांची शिक्षा झाली. रिफने १९२० च्या दशकात अब्द अल करीम यांच्या नेतृत्वाखाली स्पेनशी लढून स्वतःचे प्रजासत्ताक चालविले होते. ती स्मृती रबातला आजही अस्वस्थ करते. अल्जीरियात जून २०१९ मध्ये लष्करप्रमुख गैद सालाह यांनी मोर्चांत राष्ट्रध्वजाखेरीज अन्य ध्वज चालणार नाही, असे फर्मान काढले आणि अमाझिघ ध्वज हाती घेतलेल्या तरुणांना तुरुंगात टाकले गेले. त्या वेळी त्यांची भाषा देशाची राजभाषा होती.

शेजाऱ्याच्या हातातील कोलीत

देशांतर्गत प्रश्नाला दाबून ठेवले, की तो शेजाऱ्याच्या हातातील कोलीत होतो. मोरोक्को आणि अल्जीरिया यांच्यात १९६३ मध्ये सीमेवरून युद्ध झाले. १९७५ नंतर स्पेनने पश्चिम सहारा सोडला, तेव्हा मोरोक्कोने त्यावर हक्क सांगितला आणि अल्जीरियाने स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोलिसारिओ आघाडीला आश्रय दिला. १९९१ मध्ये शस्त्रसंधी झाली, परंतु संयुक्त राष्ट्रसंघाने कबूल केलेले सार्वमत कधीच झाले नाही. दोन्ही देशांतील सीमा १९९४ पासून बंद आहे. सीमेपलीकडच्या सोयऱ्यांकडे जायचे तर तिसऱ्या देशातून वळसा घालावा लागतो.

जुलै २०२१ मध्ये मोरोक्कोच्या संयुक्त राष्ट्रसंघातील प्रतिनिधीने अलिप्त राष्ट्रांच्या बैठकीत काबिली जनतेच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा उल्लेख केला. स्वतःच्या रिफमध्ये रुग्णालय मागणाऱ्याला तुरुंगात धाडणारे राज्य शेजारच्या अमाझिघांसाठी स्वातंत्र्याची भाषा बोलू लागले. काबिलियाच्या स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या संघटनेला अल्जीरियाने त्याआधीच, मे महिन्यात, दहशतवादी ठरविले होते. २४ ऑगस्टला अल्जीरियाने राजनैतिक संबंध तोडले. मोरोक्कोमार्गे स्पेनला जाणाऱ्या वायुवाहिनीचा करार ऑक्टोबरअखेर संपला, तो पुन्हा केला नाही. पुढे २०२४ मध्ये रिफच्या स्वातंत्र्यवादी गटाला अल्जीयर्समध्ये कार्यालय उघडू देण्यात आले. ही काटशहाची खेळी होती. दोन्ही बाजूंना अमाझिघ हवे आहेत, पण ते दुसऱ्याच्या घरातले.

या झगड्यात मोरोक्कोचे पारडे जड होत गेले. मार्च २०२२ मध्ये स्पेनने आणि जुलै २०२४ मध्ये फ्रान्सने त्याच्या स्वायत्तता योजनेची बाजू घेतली. अल्जीरियाने पहिल्याशी मैत्रीकरार स्थगित केला आणि दुसऱ्याकडील राजदूत परत बोलावला. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २७९७ द्वारे मोरोक्कोची योजना हाच वाटाघाटींचा आधार मानला. ११ मते अनुकूल पडली. रशिया, चीन व पाकिस्तान तटस्थ राहिले आणि अल्जीरियाने मतदानात भागच घेतला नाही.

लिबियाचा अपवाद

जनमताने परराष्ट्र व्यवहार रोखल्याचे एक उदाहरण याच प्रदेशात आहे आणि ते लिबियातले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्रिपोलीच्या परराष्ट्रमंत्री नज्ला अल मंगूश यांनी रोममध्ये इस्रायलच्या परराष्ट्रमंत्र्यांची भेट घेतल्याचे इस्रायलनेच जाहीर केले. त्रिपोलीत टायर जळाले, मंत्रिणबाईंना पदावरून दूर करण्यात आले आणि त्यांना देश सोडावा लागला.

हा लोकशाहीचा विजय मानता आला असता. पण ज्या देशात दोन सरकारे आहेत, तेथे रस्त्याचा रेटा प्रभावी ठरतो तो राज्य दुबळे असल्यामुळे. त्रिपोलीला तुर्कस्तानचा आणि पूर्वेकडील हफ्तार यांना इजिप्त, संयुक्त अरब अमिराती व रशियाचा आधार राहिला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ठरलेली निवडणूक झालीच नाही. गद्दाफींविरुद्ध नफुसा पर्वतात निकराने लढलेल्या अमाझिघांनी २०१४ च्या घटना समितीतील आपल्या दोन जागांवर बहिष्कार टाकला, कारण त्यांच्या हक्कांविषयीच्या निर्णयात त्यांच्या संमतीची अट मान्य झाली नाही. राज्य मजबूत असेल तर जनतेला परराष्ट्र धोरणाबाहेर ठेवले जाते आणि राज्य मोडले तर ते धोरण परकीयांच्या राजधान्यांत ठरते, असा हा पेच आहे.

दिल्लीचा हिशेब

भारताने या प्रदेशाकडे नेहमीच व्यवहारी नजरेने पाहिले आहे. लिबियावर हवाई हल्ल्यांची वाट मोकळी करणाऱ्या ठराव क्रमांक १९७३ वर १७ मार्च २०११ रोजी भारत तटस्थ राहिला. त्याच सुमारास तेथून पंधरा हजारांहून अधिक भारतीयांना जहाजांनी व विमानांनी मायदेशी आणले गेले. पश्चिम सहाराच्या प्रजासत्ताकाला १९८५ मध्ये राजीव गांधी सरकारने दिलेली मान्यता २००० मध्ये वाजपेयी सरकारने काढून घेतली. या बदलाकडे पाहताना जगातील फॉस्फेटच्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के मोरोक्कोच्या ताब्यात आहेत, हे विसरून चालत नाही. गोव्यातील झुआरीनगरचा खत कारखाना २०२२ मध्ये ज्या पारादीप फॉस्फेट्सकडे गेला, तिच्या प्रवर्तकांत मोरोक्कोचा सरकारी ओसीपी समूह आहे. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी पेरणीच्या वेळी डीएपीचे पोते उचलतो, तेव्हा त्याच्या भावात या दूरच्या वाळवंटाचाही वाटा असतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये राजनाथ सिंह मोरोक्कोला गेले. भारतीय संरक्षणमंत्र्यांची ती पहिलीच मोरोक्को भेट होती. कासाब्लांकाजवळील बेर्रेशिद येथे टाटा समूहाच्या चिलखती वाहनांच्या कारखान्याचे त्यांनी उद्घाटन केले. त्याआधी वर्षभर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू अल्जीरियाला जाऊन आल्या होत्या. दोन्ही दरवाजे उघडे ठेवण्याचे हे धोरण शहाणपणाचे आहे. मात्र दोन्हीकडे चर्चा होते ती राजवाडा किंवा अध्यक्षीय प्रासादाशी. त्यांच्या संसदांशी, पक्षांशी, अमाझिघ संस्थांशी दिल्लीचा परिचय जुजबीच आहे. बेन अलींवर भिस्त ठेवणाऱ्या फ्रान्सची २०११ मध्ये जी शोभा झाली, ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ट्युनिसमध्ये मोर्चे चालू असताना फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तेथील पोलिसांना आपले कौशल्य देऊ केले आणि अखेर त्यांना पद गमवावे लागले.

संरक्षणमंत्र्यांच्या भेटीनंतर काही दिवसांतच, २७ सप्टेंबरला, मोरोक्कोची शहरे पेटली. अगादीरच्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचे मृत्यू झाले होते आणि दुसरीकडे २०३० च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेसाठी भव्य मैदाने उभी राहत होती. देशाच्या दूरध्वनी संकेतांकावरून ‘जेन झी २१२’ असे नाव घेतलेल्या तरुणांनी मागितले ते दवाखाने आणि शाळा. अगादीरजवळ गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले, शेकडोंवर खटले भरले गेले. ऑक्टोबरमध्ये सरकारने आरोग्य व शिक्षणासाठी १४० अब्ज दिरहमची तरतूद जाहीर केली. महिनाअखेरीस सुरक्षा परिषदेचा ठराव आला आणि राजाने ३१ ऑक्टोबर हा दिवस यापुढे राष्ट्रीय ऐक्याचा सण म्हणून साजरा होईल, अशी घोषणा केली.

त्या रात्री रबात आणि कासाब्लांकाच्या रस्त्यांवर उत्सव झाला. सहारावरील हक्क ही बहुसंख्य मोरोक्कन जनतेच्या मनापासूनची भावना आहे, ती राजवाड्याने लादलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. पण या यशाचे श्रेय एकट्या राजाला आणि रुग्णालयाच्या दुरवस्थेचे अपश्रेय मंत्रिमंडळाला, ही २०११ मध्ये ठरलेली वाटणी त्या दिवशीही तशीच राहिली. महिनाभरापूर्वी मोर्चे काढणाऱ्या तरुणांनी सरकारचा राजीनामा मागितला होता आणि आपले निवेदन राजाला उद्देशून लिहिले होते. जबाबदार कोण आणि समर्थ कोण, हे त्यांना पुरते ठाऊक आहे. दिल्लीने मगरिबाशी करार करताना सही कोणाची आहे याबरोबरच, त्या सहीचे ओझे उद्या कोणाच्या माथी येणार आहे, याचीही नोंद ठेवावी.